वरातीतले क्लॅरिओनेट आणि जॅझ



लग्नसराईच्या दिवसांत आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी जा. तुळजापूर असो, कळंब असो की उमरगा असो, संध्याकाळी एखादी तरी वरात रस्त्याने चाललेली दिसतेच. पुढे हलगी कडाडत असते आणि तिच्यामागे बँड असतो. अलीकडे पुष्कळ वरातींत बँडची जागा वाहनावर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीने घेतली आहे. तरीही बँड अजून संपलेला नाही. त्याच्या पहिल्या रांगेत एक काळी, लांबट, चंदेरी चाव्यांची नळी वाजत असते. ते क्लॅरिओनेट. शेजारी पिवळेधमक, पितळी, तीन कळांचे वाद्य असते. ते ट्रंपेट.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यांवरून जे बँड चालत, त्यांच्याही पहिल्या रांगेत हीच वाद्ये असत. त्या बँडांतून जगाला एक नवे संगीत मिळाले. त्याचे नाव जॅझ. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते ऐकले नसेल, आणि ऐकले असेल तर ‘हा कसला गोंगाट’ असे वाटून सोडूनही दिले असेल. या लेखात आपण जॅझची तोंडओळख करून घेणार आहोत. त्यासाठी अमेरिकेला जायला नको. आपल्या गावच्या बँडपासून सुरुवात केली तरी पुरे.

मामांचा प्रश्न

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. ‘एका टोकाला बंद असलेल्या नळीतून फक्त विषम अधिस्वर निघतात’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. एकदा एका लग्नात मंडपाच्या कडेला बसलो होतो. बँडवालेही तिथेच विसावले होते. पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर त्यांची पंगत बसायची होती. माझ्या शेजारी एक वयस्क क्लॅरिओनेटवादक होते. मी सहज विचारले, “मामा, ही मागची चावी कशासाठी?”

त्यांनी वाद्य ओठांना लावले, खालचा एक सूर धरला आणि बाकीची बोटे जराही न हलवता डाव्या अंगठ्याने ती चावी दाबली. सूर टुणकन वर उडाला. मग ते म्हणाले, “सर, सनईत जोर दिला की सा चा वरचा सा निघतो. ह्यात सा निघत नाही, वरच्या सप्तकातला पंचम निघतो. असं का होतं, ते तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले.”

उत्तर मला येत होते. ते तर मी दरवर्षी शिकवीत होतो! पण ते उत्तर म्हणजेच हे वाद्य, ही गाठ माझ्या मनात त्या क्षणापर्यंत पडली नव्हती. मामांना गोष्ट ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. मला कारण ठाऊक होते, गोष्ट ठाऊक नव्हती. आम्ही दोघे एका वर्गात आधीच भेटलो असतो तर!

आता ते कारण पाहू या.

बंद नळी, उघडी नळी

बासरी ही दोन्ही टोकांना उघडी असलेली नळी समजता येते. तिच्यातली हवा कंप पावते तेव्हा सर्वांत खालच्या सुराची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या दुप्पट असते. क्लॅरिओनेटच्या मुखाशी वेताची पातळ पत्ती असते. तिच्यामुळे ते टोक बंद असल्यासारखेच वागते. अशा सरळ नळीत सर्वांत खालच्या सुराची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या चौपट असते.

थोडे गणित करू. हवेत ध्वनीचा वेग २५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. दोन्ही नळ्या ६० सेंटिमीटर लांबीच्या घेऊ.

उघडी नळी : ३४६ ÷ १.२ = सुमारे २८८ हर्ट्झ.
बंद नळी : ३४६ ÷ २.४ = सुमारे १४४ हर्ट्झ.

म्हणजे लांबी तेवढीच, पण बंद नळीचा सूर बरोबर एक सप्तक खाली. एवढ्याशा क्लॅरिओनेटमधून इतका घुमारदार आवाज कसा निघतो, याचे हे रहस्य आहे.

आता अधिस्वर पाहू. उघड्या नळीत मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे अधिस्वर निघतात. बंद नळीत मात्र तिप्पट, पाचपट, सातपट असे विषमच निघतात. दुप्पट निघतच नाही. मागची चावी दाबली की नळीवरचे एक बारीक छिद्र उघडते. त्यामुळे मूळ सूर टिकू शकत नाही आणि नळी पुढच्या अधिस्वरावर उडी घेते. १४४ हर्ट्झला आपण सा मानला तर त्याची दुप्पट २८८ हा तार सा, आणि तिप्पट ४३२ हा तार सप्तकातला पंचम. मामांचा कान अगदी बरोबर होता.

मग सनईत असे का होत नाही? तिच्याही मुखाशी पत्ती असतेच की! फरक नळीच्या आकारात आहे. क्लॅरिओनेटची नळी बहुतेक भागात सारख्याच जाडीची असते, तर सनईची नळी शंकूसारखी पसरत जाते. शंकूतली लहर पुढे जाताना पसरते आणि तिचे गणित उघड्या नळीच्या गणिताशी जुळते. म्हणून सनईत दुप्पट अधिस्वर निघतो. जॅझमधले दुसरे प्रसिद्ध वाद्य सॅक्सोफोन हेही शंकूच्याच आकाराचे आहे. बेल्जियमच्या ॲडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. सॅक्सोफोनला क्लॅरिओनेटसारखीच एकच पत्ती असते, पण सूर वर उडतो तो सनईसारखा, सा वरून सा वर.

घरी करून पाहा

शेतात किंवा नळाच्या दुरुस्तीतून उरलेला पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. कडा घासून गुळगुळीत करा. तळहाताने एका टोकावर थाप मारा आणि हात तसाच दाबून ठेवा. एक बसका सूर ऐकू येईल. आता थाप मारून हात चटकन उचला. सूर एक सप्तक वर जाईल. पहिल्या वेळी नळी बंद होती, दुसऱ्या वेळी उघडी. गणिताने उत्तरे २८८ आणि ५७७ हर्ट्झ येतात. मोबाइलवरील स्वरमापक ॲपने मोजाल तर आकडे थोडे कमी भरतील, कारण हवेचा कंप नळीच्या तोंडाबाहेरही किंचित पसरतो आणि नळी असते त्याहून जराशी लांब असल्यासारखी वागते.

जॅझ कोठून आला?

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीकाठचे बंदर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने होते. गुलामगिरीच्या काळात ते रविवारी काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात जमून आपली गाणी गात, नाचत, ढोल वाजवत. गुलामगिरी गेली, पण मान मिळाला नाही. अशा या शहरात पितळी वाद्यांचे बँड मिरवणुकांत वाजत, अंत्ययात्रेतही वाजत. स्मशानाकडे जाताना संथ, शोकाची धून असे. परतताना मात्र उल्हासाची. आफ्रिकी ताल, चर्चमधली गाणी, कष्टकऱ्यांची ‘ब्लूज’ नावाची गीते आणि युरोपी बँडची वाद्ये यांच्या मिश्रणातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅझ घडत गेला.

याच शहरात ४ ऑगस्ट १९०१ रोजी एका अत्यंत गरीब कुटुंबात लुई आर्मस्ट्राँगचा जन्म झाला. १९१२ च्या अखेरच्या रात्री नववर्षाच्या जल्लोषात या अकरा वर्षांच्या पोराने रस्त्यावर पिस्तूल उडवले. पोलिसांनी त्याला पकडले आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात धाडले. तिथे मुलांचा एक बँड होता आणि पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक तो चालवीत. त्यांनी लुईला आधी साधी वाद्ये दिली, मग बिगुल दिले आणि शेवटी ट्रंपेटचे भावंड असलेले कॉर्नेट हाती दिले. पुढे तो त्या बँडचा म्होरक्या झाला. जगातल्या सर्वश्रेष्ठ जॅझवादकांपैकी एकाला पद्धतशीर शिक्षण मिळाले ते असे, एका शिक्षकाकडून, मुलांच्या बँडमध्ये.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. १९५६ साली त्या राज्यात गोऱ्या व काळ्या वादकांनी एकत्र वाजवण्यावर कायद्याने बंदी आली. आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये दोन्ही वर्णांचे वादक होते. आपल्या जन्मगावी त्याने वाजवायचे सोडून दिले. तो तिथे पुन्हा वाजवायला गेला तो १९६५ साली, समान हक्कांचा कायदा झाल्यानंतर.

जॅझ ऐकायचा कसा?

आता चार खुणा सांगतो. त्या लक्षात ठेवल्या तर जॅझ ‘गोंगाट’ वाटणार नाही.

पहिली खूण, सवाल-जबाब. तुळजापूरला भवानीच्या गोंधळात मुख्य गोंधळी एक ओळ म्हणतो आणि साथीदार तिला झील देतात. संबळही त्या संवादात भाग घेते. पोवाड्यातले झीलकरी तुम्ही ऐकले असतीलच. जॅझमध्ये ट्रंपेट एक वाक्य बोलते आणि क्लॅरिओनेट त्याला उत्तर देते. कधी ढोलच उत्तर देतो.

दुसरी खूण, आयत्या वेळी रचना. जॅझवादक आधी एक चाल वाजवून दाखवतात. मग प्रत्येकजण आळीपाळीने त्या चालीच्या चौकटीत राहून मनाने नवे सूर रचतो. ब्लूजची नेहमीची चौकट बारा खणांची असते आणि प्रत्येक खणात चार मात्रा असतात, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. आपला गायक रागाच्या चौकटीत ताना घेऊन समेवर येतो, तसा जॅझवादक आवर्तन पुरे करून पहिल्या मात्रेवर येतो. फरक असा की आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अखेरपर्यंत तोच राहतो. जॅझमध्ये मात्र मागे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ ठरावीक खणांवर बदलतात आणि वादकाला त्या बदलत्या जमिनीवरून चालावे लागते.

तिसरी खूण, ‘निळा’ स्वर. पेटीवर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार अशा दोन पट्ट्या असतात. सा २४० हर्ट्झचा धरला तर शुद्ध गणिताने कोमल गंधार २८८ आणि शुद्ध गंधार ३०० हर्ट्झ येतो. ब्लूज गाणारा या दोहोंच्या मधेच कुठेतरी स्वर लावतो. पियानोला किंवा पेटीला ते जमत नाही, गळ्याला जमते. ओठांचा दाब बदलून क्लॅरिओनेटला आणि ट्रंपेटलाही जमते. मींड ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हा स्वर परका वाटू नये.

चौथी खूण, झोका, म्हणजे ‘स्विंग’. एक मात्रा दोन भागांत विभागायची, पण भाग सारखे ठेवायचे नाहीत; पहिला लांब आणि दुसरा आखूड. करून पाहा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे मोजत राहा आणि ‘एक’ व ‘तीन’वरच टाळी द्या. हा झाला दोनास एक या प्रमाणातला झोका. पण खरे वादक एवढ्यावर थांबत नाहीत. संथ लयीत हे प्रमाण वाढते, तर फार द्रुत लयीत दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. जर्मनीतल्या गॉटिंगेन येथील संशोधकांनी २०२२ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मुख्य वादकाचे मात्रेवरचे सूर साथीपेक्षा सुमारे ३० सहस्रांश सेकंद उशिरा आले, आणि मधले सूर वेळेवर ठेवले, तर झोका जास्त जाणवतो. जाणकार श्रोत्यांना फरक जाणवला, पण तो कशामुळे हे सांगता येईना! तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम दहा मीटर जातो. वादकाचे शरीर इतका सूक्ष्म हिशेब न मोजता करते.

मुंबई, गोवा आणि आपण

जॅझ भारतात आला त्याला बरीच वर्षे झाली. १९३५ मध्ये लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता. त्या सुमारास मुंबईत गोव्याचे अनेक वादक होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. शाळेत मिळालेल्या त्या शिक्षणाच्या बळावर त्यांनी जॅझ आत्मसात केला. अल्दोना गावचे अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते गाजले आणि लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांचे. चिक चॉकलेट त्यांच्या वाद्यवृंदात होते. तेव्हा तुमच्या आजीआजोबांनी जॅझ ऐकलेला आहे, फक्त त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते.

पुढे डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये मुंबईत वाजवून गेले. १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा मोठा महोत्सव सुरू झाला. पण हे सारे मोठ्या शहरांत. बालाघाटच्या डोंगररांगांपर्यंत त्यातले काही पोहोचले नाही.

समोर बसून ऐकण्याचे महत्त्व

“सर, मोबाइलवर सगळे मिळते की!” असे तुम्ही म्हणाल. मिळते, पण सगळे नाही. जॅझमधल्या उभ्या मोठ्या तंतुवाद्याचा, डबल बासचा, सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. त्याची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक भरते. मोबाइलचा नखाएवढा ध्वनिवर्धक तो सूर जवळजवळ काढूच शकत नाही. आपला मेंदू अधिस्वरांवरून अंदाज बांधून ती उणीव भरून काढतो. समोर वाद्य वाजते तेव्हा तोच सूर छातीत घुमतो. शिवाय, आयत्या वेळी रचलेल्या संगीतात एक वादक दुसऱ्याकडे कसा पाहतो, मान कशी हलवतो, चूक झाली तर तिलाच पुढे कसे वळण देतो, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणूनच मुलांपर्यंत जिवंत संगीत नेण्याचे प्रयत्न जगभर झाले आहेत. लेनर्ड बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५८ ते १९७२ या काळात मुलांसाठी समजावून सांगण्याच्या मैफली केल्या. त्यांतली एक मैफल जॅझवर होती. १९६४ साली पियानोवादक बिली टेलर यांच्या पुढाकाराने हार्लेम वस्तीत ‘जॅझमोबाइल’ सुरू झाले. चाकांवरचा मंच थेट गल्लीत यायचा आणि नामवंत वादक तिथे फुकट वाजवायचे. आपल्याकडे १९७७ मध्ये आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक किरण सेठ यांनी ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली. तिच्यामार्फत शास्त्रीय संगीत, नृत्य व लोककला यांचे कलावंत शाळा-महाविद्यालयांत येतात, कला सादर करतात आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरेही देतात.

एक तास मागून घ्या

शिक्षकमित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. ध्वनीचा धडा शिकवाल त्या आठवड्यात एक तास राखून ठेवा. गावच्या बँडमधल्या क्लॅरिओनेटवादकाला आणि शक्य झाल्यास संबळ वाजवणाऱ्या एखाद्या गोंधळ्याला शाळेत बोलवा. योग्य मानधन द्या; वर्गणी काढावी लागली तरी काढा. लग्नसराई नसते तेव्हा त्यांना वेळ असतो, आणि कमाईची गरजही तेव्हाच असते.

त्या तासाला चार गोष्टी करा. क्लॅरिओनेटचा सर्वांत खालचा सूर वाजवायला सांगा, मागची चावी दाबायला सांगा आणि दोन्ही कंप्रता मोजून एकीला दुसरीने भागा. उत्तर तीनच्या जवळ येईल. मग मुलांना माहीत असलेली एखादी चाल तीनदा वाजवायला सांगा, पण प्रत्येक वेळी काहीतरी वेगळे करून. नंतर संबळावर आठ मात्रांचा ठेका धरायला सांगा. चार मात्रा क्लॅरिओनेटने बोलायचे आणि पुढच्या चार मात्रा मुलांनी टाळ्यांनी उत्तर द्यायचे. शेवटी मोबाइलवर एखादे जुने न्यू ऑर्लिन्सचे ध्वनिमुद्रण लावा आणि पाहुण्यांनाच विचारा, “यात ओळखीचे काय वाटते?”

त्या प्रश्नाचे उत्तर मी सांगणार नाही. ते त्यांच्याकडूनच ऐका. एवढे मात्र नक्की, की बंद नळीचा नियम मुले मग विसरणार नाहीत आणि जॅझ हा शब्दही त्यांना परका राहणार नाही.

आणि मुलांनो, त्या दिवशी पाहुण्यांना बसायला पहिली खुर्ची द्या. त्यांचा चहा सर्वांत आधी.